कवळीवाल्याच्या गोगलगायी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, दात करतात. असं सांगितलं की लोक त्यांना डेंटिस्ट समजतात. मग दाजी दोन्ही हात हलवून घाईघाईने म्हणतात, "छे छे, ते डॉक्टर वेगळे. मी मागचा."

मागचा म्हणजे खरोखरच मागचा. पुढच्या खोलीत डॉक्टर, त्यांची वर-खाली होणारी खुर्ची, मोठा दिवा आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाक. मागच्या खोलीत दाजी, प्लास्टरचं पोतं, मेणाच्या वड्या, पॉलिशचं घरघरणारं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले, कुणाकुणाचे आ वासलेले जबडे. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी आहे. तिच्यातून इकडे माप येतं, तिकडे कवळी जाते. एकतीस वर्षं हेच चाललंय. या एकतीस वर्षांत शेकडो माणसं दाजींच्या दातांनी जेवली, हसली, भांडली. पण खिडकीपलीकडे कोणी बसलंय याचा त्यांना पत्ता नाही.

त्यातून हा धंदाच असा की कवळी चांगली झाली की माणूस ती विसरून जातो. बिघडली तरच ती खिडकीतून परत येते, "टोचतेय म्हणतात" एवढ्या निरोपासह. आभार मात्र पुढच्याच खोलीत संपतात. याचं दाजींना वाईट वाटायचं का? मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आभाराचं काय करायचं असतं? टोचत असेल तर घासता तरी येतं."

बाकी माणूस साधा. फक्त त्यांना कुठल्याही समारंभाला नेऊ नये. लोक माणसं बघतात, दाजी दात बघतात. मला कोपराने ढोसून म्हणतात, "ती तिसऱ्या रांगेत बसलीय ना, निळ्या शालीतली? खालची माझी. वरची दुसरीकडची. फसवलंय बिचारीला."

गोगलगायींचं प्रकरणही दातांमुळेच सुरू झालं. मागच्या खोलीला एक मागचं दार आहे. बाहेर चार पावलांची फरशी, एक नळ आणि चुन्याने रंगवलेली कंपाउंडची भिंत. नळ गळतो. तो कधीपासून गळतो हे डॉक्टरांनाही आठवत नाही. त्यामुळे भिंतीवर खाली हिरवं शेवाळ धरलंय. एका सकाळी हात धुताना दाजींना त्या शेवाळात नागमोडी रेघ दिसली. रेघ कसली, ओळीने कुरतडल्याच्या बारीक खुणा. दुसरा कोणी असता तर त्याने हात पुसले असते आणि आत गेला असता. दाजी भिंग घेऊन आले, उकिडवे बसले आणि त्यांनी एका नजरेत निदान केलं: हे दातांचे वळ आहेत.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "गोगलगायीला दात असतात. हजारो असतात. जिभेवर. झिजले की मागून नवे येतात."

ताई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांच्या पापण्या ओढून थेंब घालते, तिला कशाचं नवल वाटत नाही. ती म्हणाली, "मग तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून काही यायची नाही ती. हात धुवा."

पण दाजी गुंतले ते गुंतलेच. रोज साडेनऊला दवाखाना उघडतो, ते सातला जाऊन भिंतीशी बसायला लागले. एक गोगलगाय दुसरीपासून ओळखता येईना, म्हणून कवळीच्या हिरडीसाठी वापरतात तो गुलाबी मसाला घेऊन प्रत्येकीच्या शंखावर त्यांनी ठिपके दिले. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला आडवी रेघ. मग नावं आली. भिंतीच्या टोकापर्यंत चढणारा सुळा. रुंद, बसकी ती पटाशी. नखाएवढं पिल्लू होतं त्याचं नाव दुधाचा दात. आणि सगळ्यांनंतर, वर्षभराने कुठूनशी उगवलेली अक्कलदाढ.

आता यात माझा हात कुठे लागला ते सांगतो. माझं पाट्या आणि कार्डं छापायचं दुकान आहे, कॉम्प्युटरवर हात बसलेला आहे. दाजींना पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी त्यांना वेबसाइट करून दिली. खरं सांगायचं तर निम्मी गंमत म्हणून. नाव ठेवलं 'मागची भिंत'. पहिल्या पानावर दवाखान्याचा पुढून काढलेला फोटो टाकला, कारण भिंतीच्या फोटोत बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे.

सहा वर्षं झाली. दाजींनी एक आठवडा चुकवलेला नाही. लिहिणं मात्र जबड्याचं माप लिहावं तसं: 'सुळा सकाळी सात दहाला नळाखाली. साडेसातला पाइपाच्या तोंडाशी. अंतर दीड वीत. आज घाईत दिसला.' किंवा, 'पटाशी आणि दुधाचा दात एकाच पानावर. बोलणं नाही.' पानाच्या तळाशी किती जणांनी पाहिलं याचा आकडा येतो. दाजी मला फोन करून सांगायचे, "आज सात." मी म्हणायचो, "त्यातले पाच वेळा तुम्हीच, दाजी." ते म्हणायचे, "मग दोन उरले ना?"

काही महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. पत्ता होता: 'गोगलगायवाले, मागची खोली'. पुढे दवाखान्याचं नाव आणि रस्ता. ते खिडकीतून आत सरकवताना डॉक्टर म्हणाले, "हे तुमचंच दिसतंय." खिडकीतून टोचण्याखेरीज दुसरं काही येऊ शकतं हे दाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कार्ड चिमट्याने धरलं असं म्हणतात, पण हे सांगणारी ताई आहे, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

कार्डावर ठळक, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'मी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत असे. आता निवृत्त आहे. तुमची भिंत तीन वर्षं न चुकता वाचते. वेबसाइटवरून दोनदा लिहिलं, उत्तर नाही, म्हणून फोटोतल्या पाटीवरून पत्ता शोधला. अक्कलदाढेचं नाव दोन महिने आलेलं नाही. ती आहे ना? तुम्ही बरे आहात ना?'

दाजींनी मला दुकानात फोन केला. आवाज असा की मला वाटलं, पोलीस आलेत. "तू जरा घरी ये. पत्र आलंय."

मी गेलो. ताईने कार्ड माझ्यासमोर धरलं. "वेबसाइटवरून दोनदा लिहिलं, असं ही बाई म्हणतेय. वेबसाइटवरून लिहिता येतं?"

तेव्हा मला आठवलं. पानाच्या पार तळाशी, बारीक अक्षरात, 'आपला अभिप्राय कळवा' असं एक बटण होतं. मीच टाकलं होतं. त्यावरून येणारी पत्रं एका पेटीत जात होती. पेटी मीच उघडली होती. आणि हे दाजींना सांगायचं मी विसरलो होतो. सहा वर्षं.

"पासवर्ड?" ताईने विचारलं.

पासवर्डही मी विसरलो होतो. कॉम्प्युटरने ओळख पटवायला प्रश्न विचारला: लहानपणी सगळ्यात जास्त कोणाला घाबरायचात? ताई माझ्या खांद्यामागेच उभी होती. मी हळूच 'ताई' असं टाइप केलं. पेटी उघडली.

एकशे बारा पत्रं होती. केस उगवण्याची औषधं आणि परदेशी लॉटऱ्या वगळल्या तर एक्क्याऐंशी.

त्या रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. ताई मोठ्याने वाचत होती. एक क्रेन चालवणारा होता. त्याने लिहिलं होतं, 'मी दिवसभर उंच केबिनमध्ये एकटा असतो. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून परत चढायला वेळ पुरत नाही, म्हणून वरच बसून तुमचा सुळा बघतो. तोही उगाच वर चढून बसतो. बरं वाटतं.' एका बाईला बाळंतपणाआधी सहा महिने अंथरुणातून उठायची मनाई होती. 'त्या दिवसांत तुमच्या गोगलगायी माझ्यापेक्षा लांब जात होत्या,' तिने लिहिलं होतं, 'पण फार नाही, म्हणून हेवा वाटला नाही.' एका खाणावळीतला आचारी मोरीत गोगलगाय दिसली की मूठभर मीठ टाकायचा. आता तो तिला कागदावर उचलून बाहेर ठेवतो आणि मालकाचं हसू सहन करतो.

दाजी प्रत्येक पत्रानंतर पुढे वाकून विचारायचे, "आपल्यालाच आहे ना हे? बघ नीट. चुकून आलं असेल."

"अहो, सुळा लिहिलंय त्यांनी. जगात अजून कोणाच्या गोगलगायीचं नाव सुळा आहे?"

"असेल एखाद्याच्या."

मग एक पत्र निघालं, चार वर्षांपूर्वीचं. एवढंच: 'दुधाचा दात थंडीत दिसत नाहीये असं लिहिलं होतंत. जगला का?' खाली एका बाईची सही.

"जगला," दाजी म्हणाले. "आता दाढेएवढा झालाय." मग पत्रावरची तारीख बघून, "चार वर्षं थांबली असेल ती." मग माझ्यापुढची बिस्किटांची बशी त्यांनी सावकाश स्वतःकडे ओढून घेतली. दाजींच्या बाबतीत ही फार मोठी शिक्षा आहे.

मग उत्तरं लिहायचं ठरलं. पहिलं उत्तर लिहायला त्यांना दीड तास लागला. ताईने ते वाचलं: 'आपले पत्र मिळाले. प्रकृती समाधानकारक. काही त्रास वाटल्यास पुन्हा दाखवावे.'

"हे आभाराचं उत्तर आहे की औषधाची चिठ्ठी?"

"मग काय लिहू?"

"त्यांनी जे विचारलंय ते सांगा. नाही विचारलं तर पटाशी काय करतेय ते सांगा. आणि शेवटी लिहा, तुमचं पत्र वाचून आनंद झाला."

दाजींनी पेन खाली ठेवलं. "असं सरळ लिहायचं?"

"झालाय ना?"

झाला होता. तो किती झाला होता ते पुढच्या आठवड्यात कळलं. भिंतीशी बसायला जाताना दाजी इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. गोगलगायीचा फोटो काढायच्या आधी स्वतःचा भांग नीट करायला लागले, जणू तिनेच त्यांचा फोटो काढायचाय. चालणं संथ झालं. एकदा मी दुकानाच्या दारातून हाक मारली तर मान एकदम न वळवता, विचारवंतासारखी हळूहळू वळवली. ताई म्हणाली, "गोगलगायींचीही लागण होते हे मला माहीत नव्हतं."

भाषा तर पार हाताबाहेर गेली. 'प्रभातीच्या कोवळ्या सुवर्णकिरणांनी न्हालेल्या त्या शुभ्र भिंतीवर, चिंतनात मग्न असलेली पटाशी जणू अनंताचा वेध घेत होती.' मी वाचून गप्प बसलो, माझी बशी अजून परत मिळाली नव्हती. पण वाचणारे गप्प बसले नाहीत. क्रेनवाल्याने लिहिलं, 'अनंत कुठल्या बाजूला? नळाकडे की पाइपाकडे?' आचाऱ्याने विचारलं की लिहिणारा माणूस बदललाय का. आणि अंथरुणावरच्या त्या बाईने, जिचं मूल आता चालायला लागलं होतं, काळजीने विचारलं, 'तब्येत बरी आहे ना? ताप वगैरे नाही ना?'

तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर आलं: 'पटाशी सात पाचला भिंतीवर. सात पन्नासला तिथेच. ताप नाही.'

बसस्थानकावरच्या बाईंना मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोस्टकार्डाने उत्तर धाडलं होतं: 'अक्कलदाढ आहे. पाइपामागे भिंतीला चिकटून, शंखाचं तोंड बंद करून बसली आहे. कोरडं पडलं की त्या असं करतात. केव्हा उघडेल सांगता येत नाही.' त्यावर उलट टपाली कार्ड आलं. 'मीही हल्ली तशीच आहे. बघायला येऊ का?'

बाई एका शनिवारी सकाळी आल्या. मीही होतो, केल्या चुकीमुळे मी आता कुठल्याही कामाला हजर असे. उंच, ताठ बाई. पण बोलताना तोंडावर रुमाल धरायच्या आणि मोजकंच बोलायच्या. दाजींनी त्यांना मागच्या दाराने नेलं आणि पाइपामागे बोट दाखवलं. तिथे एक तपकिरी शंख होता, गुलाबी ठिपक्याचा. तो हलत नव्हता. हलण्याची लक्षणंही नव्हती. त्याच्याकडे त्या दहा मिनिटं बघत राहिल्या. मला वाटलं, एवढ्या लांबून येऊन हे? पण त्यांचा चेहरा समाधानी होता. मग त्या दाजींकडे वळल्या आणि रुमालाआडून म्हणाल्या, "सहा वर्षं सलग, साधं, सरळ लिहिलंत तुम्ही. असं सोपं नसतं."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दाजींच्या तोंडावर त्यांची स्तुती करत होतं. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे बारीक झाले होते, मान तिरपी झाली होती. ते एक अक्षरही ऐकत नव्हते. म्हणजे अक्षरंच ऐकत होते.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"काय?"

"सहा."

"सहा."

"सलग."

बाई गोंधळल्या. "सलग."

"शिट्टी वाजतेय," दाजी म्हणाले. "वरची कवळी कोणी केली?"

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यांनी रुमाल खाली घेतला आणि सांगितलं: निवृत्त झाल्या त्याच वर्षी कवळी बसवली. तेव्हापासून प्रत्येक 'स'ला शिट्टी. तीस वर्षं ज्या आवाजावर अख्खं स्थानक आपल्या पिशव्या उचलायचं, तो आवाज असा झाला. लोक हसू दाबायचे. मग त्यांनी बोलणं कमी केलं आणि वाचणं वाढवलं.

दाजी खिडकीकडे गेले. तिच्यातून त्यांनी आपणहून काही मागितल्याचं डॉक्टरांना आठवत नव्हतं. "डॉक्टर, पाच मिनिटं या. एक कवळी बघायचीय. माझी नाही."

डॉक्टरांनी तपासलं, मान डोलावली, म्हणाले, "पुढच्या दातांच्या मागे जागा राहिलीय. तुम्हीच करा." दाजींनी बाईंना पुढे खुर्चीत बसवलं आणि कवळीत दातांच्या मागे मेणाचा एक कण लावला.

"काहीतरी म्हणा. 'स' असलेलं."

बाईंना एकच गोष्ट तोंडपाठ होती. "सकाळी सात सत्तावीसची बस..." शिट्टी. मेण थोडं वाढवलं. "सकाळी सात सत्तावीस..." अर्धी शिट्टी. मेण किंचित खरवडलं, पुन्हा लावलं. पाचव्या वेळी बाईंनी श्वास घेतला आणि सबंध दवाखाना भरून आवाज उमटला, भरदार, स्वच्छ:

"सकाळी सात सत्तावीसची बस फलाट क्रमांक सहावरून सुटण्यास सज्ज आहे. प्रवाशांनी सामान सांभाळावे."

बाकावर बसलेला एक गृहस्थ, गाल सुजलेला, दचकून उठून उभाच राहिला आणि इकडेतिकडे आपली पिशवी शोधायला लागला.

मेणाच्या जागी पक्का मसाला बसवून पॉलिश होईपर्यंत दुपार झाली. मग कवळी लावून बाई पुढच्या खोलीत बसल्या आणि बाकावरच्या प्रत्येकाला सांगत राहिल्या की मागे कोण बसतं, काय करतं, आणि भिंतीवर कोण राहतं. रुमाल पर्समध्ये गेला होता. त्यांचं 'सांगणं' मागच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. दाजींचे कान टोकापर्यंत लाल झाले होते, पण दुसऱ्या कवळीवर चालू असलेलं मशीन त्यांनी बंद केलं नाही. नंतर ताईने खोदून खोदून विचारलं, कसं वाटलं, तेव्हा म्हणाले, "दोन्ही बाजूंनी थोडं घासावं लागलं."

डॉक्टरांनी त्याच दिवशी वेबसाइट पहिल्यांदा पाहिली. सोमवारी खिडकीतून डोकं घालून म्हणाले, "सहा वर्षं माझ्याच मागच्या दारात हे चाललंय आणि मला माहीत नाही?" दाजींना वाटलं, आता नळ दुरुस्त करून घेतात. डॉक्टरांनी नळ तसाच ठेवला. त्यांची पटाशीवर मर्जी आहे असं दिसतं. रोज साडेनऊला तिची चौकशी करतात.

पत्रं आता दर आठवड्याला चार-पाच येतात. रविवारी दाजी उत्तरं लिहितात, ताई तपासते, मी पाठवतो. पासवर्ड बदललाय आणि तो ताईकडे आहे. चार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला दुधाच्या दाताचा फोटो पाठवला, तर तिचं एका शब्दात उत्तर आलं: 'वाटलंच!' आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी परत आली, अर्थात तिच्यात दोनच बिस्किटं होती.

गेल्या रविवारी मात्र एक वेगळंच पत्र आलंय. कोणी आजी आहेत. लिहितात: 'नातीने तुमची वेबसाइट दाखवली. सगळी वाचली, फार आवडली. तुमच्याइतकं गोगलगायींबद्दल कोणालाच माहीत नसणार. तेव्हा कृपा करून सांगा, माझ्या परसातला कोबी त्या फस्त करताहेत. त्यांना मारायचा सगळ्यात चांगला उपाय कोणता?'

पाच दिवस झाले. दाजी उत्तर लिहितात आणि खोडतात. ताई म्हणते, "आजींना सांगा, कोबी त्यांना द्या आणि तुम्ही फ्लॉवर लावा." दाजी म्हणतात, फ्लॉवरही खातात त्या. मग कागद पुढे ओढतात आणि पुन्हा सुरू करतात: 'आपले पत्र वाचून आनंद झाला.' तिथे थांबतात, कारण ते खोटं आहे असं त्यांना वाटतं, आणि खोडायलाही हात उचलत नाही.